वाळा की बकुळ: नागपूरच्या काळ्या मातीत पश्चिमेच्या अंगाला काय लावावं

घराच्या पश्चिमेच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत मोकळी जागा किती आहे, ते आधी टेपने मोजा. दहा फुटांच्या आत असेल तर तिथे झाड लावू नका, वाळा लावा. अठरा फूट किंवा त्याहून जास्त असेल तर बकुळ लावा आणि तिची पहिली पाच-सहा वर्षं निभावून नेण्यासाठी शेजारी वाळ्याची ओळ द्या. दहा ते अठरा फुटांच्या मधल्या जागेचा निर्णय माती बघूनच घ्यावा लागतो.

दोन्ही इथल्या हवेत टिकणारी आहेत. वाळा हे गवत आहे. नागपुरात वाळा म्हटलं तर काही जण गोंधळतात, खस म्हटलं की लगेच कूलरच्या ताट्या आठवतात. त्याचे ठोंब पाच-सहा फूट उंच होतात, पानं लांब आणि टोकाला झुकलेली असतात, पावसाळ्याच्या शेवटी जांभळट तुरे येतात. त्याला आडवे धावणारे देठ किंवा कंद नसतात, त्यामुळे हरळीसारखा तो शेजारच्या वाफ्यात घुसत नाही. मुळं सरळ खाली जातात, मोकळ्या मातीत दहा फुटांपर्यंतही. बकुळ मोहाच्या आणि चिकूच्या कुळातली. पान चिवट आणि चकचकीत, डेरा गच्च गोल, फुलं लहान आणि वाळल्यावरही वास धरून ठेवणारी. सदाहरित झाडांमध्ये नागपूरच्या उन्हाला इतक्या शांतपणे तोंड देणारी झाडं फार नाहीत.

सदाहरित म्हणजे पान न गळणारं, असा समज मात्र काढून टाका. बकुळीची जुनी पानं गळतातच, उन्हाळ्याच्या तोंडाला जरा जास्त. फरक इतकाच की झाड कधी उघडं पडत नाही. पुढे फुलांचा सडा आणि मग पिवळी-केशरी फळंही पडतात. गाडी उभी करायच्या जागेवर बकुळ लावली तर फळांचे डाग आणि पाखरांची विष्ठा रोज पुसावी लागेल.

सावलीचा हिशेब

पश्चिमेची भिंत तापते ती दुपारी तीननंतर. मे महिन्यात नागपुरात चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर असतो. या कोनात सहा फुटांचा वाळा भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर त्याची सावली भिंतीवर सुमारे पावणेचार फुटांपर्यंत चढते. खिडकीचा खालचा काठ बहुतेक घरांत तीन फुटांवर असतो. म्हणजे भिंतीचा खालचा भाग झाकला जातो, काच मात्र जवळपास सगळी उघडी राहते. तोच वाळा कंपाउंडला चिकटून, भिंतीपासून सहा फुटांवर लावला तर सावली दीड फुटावरच थांबते. गारव्यासाठी वाळा लावायचा असेल तर ओळ घराकडे घ्या. आडोशासाठी लावायचा असेल तर कंपाउंडकडे. एकाच ओळीत दोन्ही कामं नीट होत नाहीत.

आता सोळा फुटांची बकुळ भिंतीपासून बारा फुटांवर धरा. त्याच चार वाजता तिची सावली भिंतीवर सव्वासात फुटांच्या आसपास पोचते, म्हणजे खिडकीचा सात फुटांवरचा लिंटेल झाकून वर. हे काम कुठलंच गवत करू शकत नाही. पण सोळा फूट व्हायला बकुळीला आठ-दहा वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं तर ती वर्षाला वीत-दीड वीतच वाढते आणि लोकांचा धीर सुटतो. वाळा जुलैत लावला तर पुढच्या पावसाळ्याअखेर पूर्ण उंचीला येतो.

आणखी एक बारकावा. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, तो बराच उत्तरेकडे सरकून मावळतो. मे अखेरीला तर भरदुपारी तो नागपूरच्या थेट डोक्यावर असतो. म्हणून एकच झाड लावायची सोय असेल तर खिडकीच्या बरोबर समोर न लावता थोडं उत्तरेकडे, बारा फुटांवर तीन-चार फूट, सरकवून लावा. पाचनंतरचं तिरपं ऊन तिथूनच येतं.

माती आणि पाया

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. मोठं झाड जमिनीतून भरपूर पाणी ओढतं, त्यामुळे त्याच्या बाजूची माती जास्त आकसते आणि घराची दुसरी बाजू तशीच राहते. पाया उथळ असेल तर मग भिंतीला तिरकी चीर जाते. लोक म्हणतात की मुळांनी भिंत फोडली. बहुतेक वेळा मुळं भिंतीला लागलेलीही नसतात, माती खालून बसलेली असते. कंपाउंडची भिंत तर दोन-अडीच फुटांच्या पायावर उभी असते, ती सगळ्यात आधी कलते.

म्हणून निव्वळ काळ्या मातीवर, दहा ते अठरा फुटांच्या जागेत, आमचं मत वाळ्याच्या बाजूने आहे. मुरूम दोन-तीन फुटांवर लागत असेल आणि पाया मुरमात गेलेला असेल तर बारा-चौदा फुटांतही एखादी बकुळ चालेल, पण घरापासून किमान नऊ-दहा फूट ठेवून आणि दरवर्षी घराकडच्या फांद्या आवरून. मुरूम कुठे आहे हे कळायला सब्बलने एक खड्डा करून बघा, अंदाजावर जाऊ नका.

दुसरी अडचण चुनखडीची. इथल्या मातीत पांढरे खडे दिसतात. एका खड्यावर लिंबू पिळा, फेस आला तर चुना आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. बकुळीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या बागा असलेल्यांना हे लक्षण सांगायला नको. वाळ्याला चुनखडीने फारसा फरक पडत नाही.

रोपं घेताना

वाळ्याच्या नावाखाली गवती चहा विकला जातो. पान चुरगळून बघा. लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याच्या पानाला वास नसतो, वास मुळाला. शक्य असेल तर लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संस्थेने काढलेल्या धारिणी, केशरी, गुलाबी यांसारख्या जातींची रोपं मागवा. उत्तर भारतात रानात आपोआप उगवणाऱ्या वाळ्याला बी धरतं आणि तो पसरू शकतो. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा ठोंबांतूनच वाढतो. म्हैसूरजवळ गुंडलुपेटचे शेतकरी शेताच्या बांधांवर तो पिढ्यानपिढ्या लावत आले आहेत, आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेने जमिनीची धूप थांबवायला त्याचाच प्रसार केला.

नर्सरीत फाउंटन ग्रास नावाचं झुपकेदार गवतही दाखवतात. त्याचा जांभळ्या पानांचा प्रकार कुंडीत सुरेख दिसतो आणि सहसा बी टाकत नाही. हिरव्या पानांचा प्रकार जमिनीत लावू नका. त्याचं हलकं बी वाऱ्यावर उडतं आणि तो जगात अनेक ठिकाणी तण होऊन बसला आहे. दोन्हींची उंची तीन-चार फुटांपुढे फारशी जात नाही, त्यामुळे आपल्या कामाचे ते नाहीतच.

बकुळीचं रोप घेताना मोह आवरायचा तो आठ-दहा फुटांच्या तयार झाडाचा. अशी झाडं बहुतेक आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात आणि त्यांच्या मुळांभोवती तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो. काळ्या मातीत तो गोळा वेगळाच राहतो. पावसाळ्यात भोवतीचं पाणी त्यात साचतं, उन्हाळ्यात काळी माती आकसून गोळ्याभोवती फट पडते आणि दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. गोळा आतून कोरडाच. तीन-चार फुटांचं, जाड पिशवीतलं, वर्ष-दीड वर्षाचं रोप घ्या. ते पाच वर्षांत त्या मोठ्या झाडाला गाठतं. पिशवी उलटी करून मुळं बघू द्या असं स्पष्ट म्हणा. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप सोडून द्या.

वाळ्याची लागवड

दोन्हींना योग्य वेळ एकच: पाऊस नीट बसल्यावर, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. मातीला वाफसा आला की लावायचं. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा. चिखलात लावलं तर मुळांभोवतीची माती थापली जाते आणि सुकल्यावर विटेसारखी कडक होते.

वाळ्यासाठी एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणा. निघालेल्या मातीत तिच्या चौथ्या हिश्शाएवढं कुजलेलं शेणखत मिसळून चर परत भरा, थोडी उंच सरी राहू द्या. ठोंब फोडताना प्रत्येक रोपाला दोन-तीन फुटवे ठेवा. वरची पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं तीन-चार इंच ठेवून छाटा. अख्खी पानं ठेवली तर मुळं धरायच्या आधीच पानं पाणी उडवतात आणि रोप वाळतं. दोन रोपांत अर्धा फूट अंतर. दहा मीटर लांबीला सदुसष्ट रोपं, म्हणजे साधारण दोनशे फुटवे लागतात. मरतुकीसाठी दहा-बारा जादा रोपं कुंडीत ठेवा. अंतर एक फूट केलं तर खर्च निम्मा होतो, पण ओळ गच्च व्हायला एक पावसाळा जास्त जातो आणि आडोशाला फटी राहतात.

ऊन हे एकच त्याचं मागणं आहे. दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल तिथे वाळा विरळ होत जातो, आणि मग खत घालूनही सुधारत नाही.

बकुळीचा खड्डा

एप्रिलमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणून मे महिनाभर उघडा तापू द्या. पहिल्या पावसाआधी त्यात पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा वाईट आहे आणि तिथे नुसता खड्डा करून झाड लावणं म्हणजे हौदात झाड लावणं. सगळ्यात जास्त बकुळी याच चुकीने मरतात. लोक खड्ड्यातली काळी माती फेकून त्यात पोयटा, रेती आणि खत भरतात. भोवती चिकण काळी माती, मधे भुसभुशीत खड्डा. साऱ्या अंगणाचं पाणी तिथे गोळा होतं, मुळं सडतात आणि ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत उभं झाड कोमेजतं. ते कोमेजलेलं बघून आणखी पाणी घातलं जातं.

भरताना निघालेली मातीच तीन भाग घ्या, एक भाग मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. त्यात एक किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण घालू नका, त्याने वाळवी, म्हणजे आपली उधई, आणि हुमणी येते. खड्ड्याच्या बाजू कुदळीने गुळगुळीत झाल्या असतील तर सब्बलने खरवडा, नाहीतर मुळं त्या भिंतीवरून वळून आतच फिरत राहतात. जमीन पाणथळ वाटली तर अर्धा फूट उंच आणि चार फूट रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावा. पिशवीतली मातीची पातळी आणि उंचवट्याची पातळी एक राहिली पाहिजे, खोडावर माती चढवायची नाही. काठी बांधा, पण सैल, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाका. सतत बांधलेलं खोड स्वतःच्या बळावर जाड होत नाही.

एकाहून जास्त बकुळी लावायच्या असतील तर दोन झाडांत सोळा ते अठरा फूट. कंपाउंडला लागून चार-चार फुटांवर अशोकाची ओळ लावतात तशी बकुळ लावायची नाही, तिचा डेरा गोल आहे. (आणि तो उंच सुळक्यासारखा अशोक म्हणजे सीतेचा अशोक नव्हे. सीताअशोक वेगळा, केशरी-लाल फुलांचा.)

पाणी

पहिल्या उन्हाळ्यात, मार्चपासून पाऊस येईपर्यंत, बकुळीला दर तीन-चार दिवसांनी वीस लिटर. खोडाशी ओतू नका, दीड फुटावर गोल आळं करून त्यात द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला चाळीस लिटर, आळं तीन फुटांवर. तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी एकदा भरपूर. रोज बादलीभर पाणी देणारे झाडाला उथळ मुळांची सवय लावतात, आणि मग मे महिन्यात चार दिवस गावाला गेलं की फांद्यांची टोकं वाळतात.

वाळ्याला लावल्यावर पाऊस ओढ देईल तेव्हा दोन दिवसांआड, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला, पुढे पंधरा-वीस दिवसांनी एकदा. दोन वर्षांचा वाळा उन्हाळाभर पाणी नाही दिलं तरी मरत नाही. पिवळा पडतो आणि पहिल्या पावसात फुटतो. पण आडोसा मे महिन्यातच हवा असतो, म्हणून थोडं पाणी द्यावंच.

कूलरच्या टाकीचं पाणी बागेत ओतायची इथे सर्रास पद्धत आहे. त्या पाण्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि क्षार मागे राहिलेले असतात. बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या तळाला पांढरी साय दिसते ती हीच. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणीही तसंच. हे पाणी वाळ्याला द्या, तो क्षार सोसतो. बकुळीला सतत दिलं तर पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपतात. मग बुरशी समजून फवारण्या सुरू होतात, त्याचा काही उपयोग नसतो. पाणी बदला आणि पावसाळ्यात माती धुऊन निघू द्या.

पुढच्या वर्षांत काय बिघडतं

पिवळेपणासाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, दहा-बारा दिवसांनी परत एकदा. मे महिन्याच्या उन्हात हे फवारलं तर पानं जळतात. जमिनीत फेरस सल्फेट टाकून उपयोग नाही, चुना ते लगेच बांधून टाकतो. जमिनीतूनच लोह द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे चुन्याने बांधलं न जाणारं लोह, घ्या. नेहमी मिळणारं ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

बकुळीच्या पानांवर काळी काजळी धरली तर पानाच्या मागे आणि फांदीवर बघा. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो, काजळी त्याच्या चिकट स्रावावर वाढते. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली साबणाचं पाणी लिटरभर पाण्यात, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्यांचा रस्ता तोडला नाही तर कीड परत येते, म्हणून जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या काढून टाका.

छाटणीत घाई नको. पहिली दोन वर्षं बकुळीला कात्री लावायचीच नाही, खालच्या पानांनीच खोड जाड होतं. नंतर दर हिवाळ्यात खालच्या एक-दोन फांद्या काढत सहा-सात फुटांपर्यंत खोड मोकळं करा. शेंडा कापू नका.

वाळ्याची छाटणी वर्षातून एकदा, पहिल्या जोरदार पावसानंतर, जमिनीपासून एक ते सव्वा फूट ठेवून. फेब्रुवारीत कापला तर तो उन्हाळ्यात पुरेसा फुटत नाही आणि नेमक्या गरजेच्या महिन्यांत आडोसा जातो. फेब्रुवारीत फक्त वाळलेली पानं हाताने ओढून काढा, होळीच्या आधी. सुकलेला वाळा झटकन पेट घेतो, दिवाळीच्या फटाक्यांचाही विचार करा आणि गॅसच्या नळीजवळ किंवा कूलरच्या वायरिंगजवळ ओळ आणू नका. पानांच्या कडा कापतात, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. बुंध्याशी वीतभर जागा झाडून ठेवली की उंदीर घर करत नाहीत आणि त्यांच्या मागून साप येत नाहीत.

कापलेली पानं फेकू नका. बकुळीच्या आळ्यात तीन इंचांचा थर द्या, खोडापासून चार बोटं सोडून. वाळ्याचं पान सावकाश कुजतं, सबंध उन्हाळा पुरतं.

कुंपणाच्याच ओळीतून कूलरसाठी किंवा माठात टाकायला मुळं काढण्याची आशा ठेवू नका. मुळं काढायची तर सबंध ठोंब उपटावा लागतो आणि काळ्या मातीतून ती तुटून येतात. त्यासाठी वेगळ्या गोण्या भरा: पन्नास-साठ लिटरची गोणी, तीन भाग रेती, एक भाग शेणखत, त्यात दोन रोपं. पंधरा ते अठरा महिन्यांनी गोणी फाडून पाण्याने धुतली की लांब, अख्खी मुळं हाती येतात.

कायद्याची बाजू लागवडीआधीच ध्यानात घ्या. गवत कधीही काढता येतं. झाड मात्र स्वतःच्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही, नागपुरात महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. पुढे खोली वाढवायची, बोअर मारायचं किंवा गेट सरकवायचं असेल ती जागा बकुळीसाठी धरू नका.

दोन्ही एकत्र लावताना वाळ्याची ओळ बकुळीच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला चार ते पाच फुटांवर घ्या. पहिली वर्षं दुपारची झळ आणि एप्रिल-मे मधलं वावटळीचं वारं ती अडवते. त्याहून जवळ घेतली तर वाळा बकुळीचं पाणी आणि नत्र ओढतो. बकुळीचा डेरा पसरला की सहाव्या-सातव्या वर्षी ओळीतला तिच्याजवळचा भाग विरळ होऊ लागतो. तिथे नवी रोपं लावत बसू नका. ते ठोंब जुलैत खणून काढा, प्रत्येकातून पंधरा-वीस रोपं सहज निघतात, आणि ती गच्चीच्या पन्हाळीचं पाणी जिथे अंगणात पडून माती वाहून नेतं त्या कडेला अर्ध्या-अर्ध्या फुटावर लावून टाका.